यादी नको, माणूस आठव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

झोपण्यापूर्वी कृतज्ञतेची वही लिहायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. तुझी तक्रारही समजली: घर, तब्येत, आई-वडील, मित्र एवढं लिहून झालं की यादी संपते, आणि मग हात लिहितो पण मन कोरडंच राहतं. म्हणून स्वतःला कृतघ्न समजू नकोस. जे रोज मिळतं ते मनाच्या अंगवळणी पडतं. बिघडलेलं चटकन डोळ्यात खुपतं, सुरळीत चाललेलं दिसतसुद्धा नाही. ते दिसावं यासाठी नजरेला वळण लावावं लागतं.

'मित्र चांगले आहेत' असं लिहू नकोस. आज कोणी नेमकं काय केलं आणि का केलं असेल, ते लिही. समज, चर्चेत तुझं बोलणं कुणीतरी मध्येच तोडलं आणि शेजारची मैत्रीण म्हणाली, "आधी हे पूर्ण होऊ दे." तिला गप्प बसता आलं असतं. तुझ्यासाठी तिने चारचौघांत वाईटपणा घेतला. एवढं लिहिलंस तरी पुरे, उद्या ती भेटेल तेव्हा तुला हे आठवेल. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. मला त्यातलं कारण लिहिणं सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा एखादा माणूस सापडतो.

रोज लिहिलंच पाहिजे का? मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. त्यामुळे मी म्हणेन, मनात टिपायचं रोज. लिहायचं मात्र आतून काही असेल तेव्हाच. दात घासताना दिवसभरातला एक माणूस आठव, बस. एखादा दिवस राहिला तर राहू दे. सवयींवरच्या लंडनमधल्या एका अभ्यासात (2010) नवी सवय अंगी मुरायला साधारण 66 दिवस लागले, काहींना त्याहून कितीतरी जास्त. आणि अधूनमधून एखादी खेप चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो. वाईट दिवशी जबरदस्तीने आभार मानू नकोस. दुःख झालं असेल तर आधी ते दुःखच लिही. आणि कुणी तुला राबवून घेत असेल, वर "तुला संधी दिली, उपकार मान" असं ऐकवत असेल, तर ते उपकारांचं ओझं आहे. ते वाहू नकोस. केलेल्या मदतीचे आभार मानावेत आणि अन्यायाला अन्यायच म्हणावं. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही खरं असू शकतं.

वहीत लिहिलेलं वहीतच ठेवायचं, असंही नाही. आपल्याकडून राहतं ते नेमकं हेच: ज्याचे आभार, त्याला ते कळतच नाहीत. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, शब्द नीट जमणार नाहीत, अशी भीती वाटते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 साली दाखवलं, की आभाराचं पत्र लिहिणारे समोरच्याचं अवघडलेपण असतं त्याहून जास्त धरतात आणि त्याचा आनंद कमी धरतात. शब्दांच्या सफाईची काळजी लिहिणाऱ्यालाच. वाचणाऱ्यापर्यंत पोचते ती आपुलकी.

शाळा सुटल्यावर थांबून तुला गणित शिकवणाऱ्या त्या बाईंबद्दल तू दोनदा लिहिलंस, मला. त्यांना कधी कळवलंस का? या आठवड्यात कळव. त्यांनी काय केलं, त्यामुळे पुढे तुझं काय झालं, एवढंच लिही. पान भरायलाच हवं असं नाही. पत्ता नसेल तर शाळेत चौकशी कर. आणि पाठवण्याआधी मजकूर मला दाखवू नकोस, तो त्यांचा आहे.

तुझा,
काका