वाचक विचारतात : मोरचूद, चुना आणि पत्र्याचं पिंप

प्रश्न : काका, जांबोटीजवळ आमची थोडी सुपारी आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीची फळं कुजवणाऱ्या रोगासाठी, पावसाआधी बोर्डो मिश्रण मारलं. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना सारखाच घेतला होता, तरी कोवळ्या पानांवर करपल्यासारखे डाग पडले. पिंपसुद्धा गळायला लागलंय. मोरचूद खोटं असेल काय? – एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : खोटं मोरचूद येतं, नाही असं नाही. रविवार पेठेत दुकान होतं तेव्हा हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, मिसळलेला माल मी परत धाडलाय. पण तो हिरवट मारतो, नजरेला कळतो. तुमचं पिंपाचं वाक्य वाचलं आणि माझा संशय तिकडं गेला. पत्र्याचं होतं ना? मोरचुदाच्या पाण्यात लोखंड गेलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. म्हणजे पिंपही गेलं आणि फवारणीतलं तांबंही पिंपालाच चिकटलं. एक किलो मोरचुदात तांबं पाव किलोच असतं, ते असं घालवू नका. प्लास्टिकचं बॅरल आणि ढवळायला लाकडी काठी घ्या.

पानं करपली ती मात्र चुन्यामुळं, असं मला वाटतं. चुना कसला घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोत्यात उघडा पडलेला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडूच बनतो. वजन किलोभर भरतं, पण जोर राहात नाही. मग मोरचुदाची आम्लता मरत नाही आणि मोकळं तांबं पान जाळतं. कळीचा ताजा चुना आणून घरीच विझवा.

एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद रात्रीच कापडात बांधून पाण्यात लोंबत ठेवा, तळाला टाकलं तर सकाळपर्यंत निम्मं तसंच असतं. पन्नास लिटरात मोरचूद, पन्नास लिटरात गाळलेलं चुन्याचं पांढरं पाणी, आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतायचं. उलटं करू नका. दोन्ही दाट करून एकत्र करून मागनं पाणी घालायचा आळसही नको, साका जाड होतो, खाली बसतो आणि पंपाचं नोझल धरतो. शेवटी विळ्याचं पातं घासून चकचकीत करा आणि मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर अजून चुना पाहिजे. मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसरं औषध त्यात मिसळू नका. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून, आणि ती घोसांवर नीट बसली पाहिजे.

आपल्या मुलखात ही रीत जुनीच. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शेतीशास्त्रज्ञांनी 1910 च्या सुमारास कोळेरोगावर अभ्यास करून घोसांवर बोर्डो मारायला लावलं. मूळ गोष्ट फ्रान्समधली. वाटेवरची द्राक्षं लोकांनी तोडू नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना फासत. त्या वेलींची पानं केवडा रोगातनं वाचलेली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसली आणि 1885 मध्ये त्यांनी ते छापलं. चोरांच्या भीतीचा असा उपयोग झाला! अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगितलं की ते हसतात.

प्रश्न : कॉलेजच्या रक्तदान शिबिरात बोटातला थेंब निळ्या पाण्यात टाकून बघितला. ते काय असतं? – एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : मोरचुदाचंच पाणी, पण घनता मोजून 1.053 ठेवलेली. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅम किंवा जास्त असेल तर थेंब बुडतो, कमी असेल तर तरंगतो. थेंबाभोवती तांबं आणि प्रथिनाचा पातळ पापुद्रा धरतो, म्हणून तो लगेच पसरत नाही. तुमचा बुडाला असणार, नाहीतर परत पाठवलं असतं.

प्रश्न : विहिरीत शेवाळ माजलंय. शेजारी म्हणतात मूठभर मोरचूद टाका. टाकू काय? पाणी पिण्याचं आहे. – एक गृहिणी, येळ्ळूर

उत्तर : नको. शेवाळ मरेल, हे शेजाऱ्यांचं खरं. पण हिशेब करा. पन्नास हजार लिटर पाण्यात शंभर ग्रॅम टाकलं तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा 0.05 आहे, दुसरा पर्यायच नसेल तर 1.5. आणि मूठ कुणाची, विहिरीत पाणी किती, हे कोण मोजतंय? उकळून तांबं जात नाही. विहिरीत मासे असले तर तेही दगावतील, आणि मेलेलं शेवाळ कुजून वास मारेल तो वेगळाच. उपसा करा, कडा घासा, वर जाळी आणि सावली करा. मेंढरं पाळत असाल तर आणखी जपा, तांबं त्यांना फार लवकर बाधतं.

प्रश्न : वह्या बांधताना खळीत मोरचूद घालतात, घरी मुलांसोबत चालेल काय? – एक शिक्षक, निपाणी

उत्तर : बांधणीवाले घालतात ते कीड आणि बुरशी लागू नये म्हणून, तेही चिमूटभर. मुलांची खळ मात्र साधीच ठेवा, लागेल तेवढी रोज ताजी करा. निळा खडा खडीसाखरेसारखा दिसतो, पोटात गेला तर उलट्या होतात, जास्त गेला तर रक्तपेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंड धोक्यात येतं. गेलाच तर मुद्दाम उलटी करायला लावू नका, पुडी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.