डोस मोजू नका, आठवडे मोजा

कुत्र्याचं नवीन पिल्लू घरी आलं की पत्रं येतात, आणि निम्म्या पत्रांत तोच घोळ असतो: लशीचे डोस किती आणि बाहेर कधी न्यायचं. काही पत्रांना इथे एकत्र उत्तर देतो. पिल्लू न पाहता लिहिलेली ही उत्तरं आहेत. तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक त्याला हातात घेऊन तपासणारा डॉक्टरच ठरवेल.

पिल्लू ५० दिवसांचं आहे. विकणाऱ्याने ‘सगळ्या लशी झाल्यात’ असं सांगून कार्डही दिलं. आता एकदम वर्षाने लस दिली तर चालेल ना?

नाही. ५० दिवसांच्या पिल्लाच्या सगळ्या लशी झालेल्या असूच शकत नाहीत.

जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात पिल्लू आईचा चीक पितं, त्यातून त्याला आईची प्रतिपिंडं मिळतात. ती आजार अडवतात, तशी लसही अडवतात. ती कधी ओसरतील याचा नेम नाही. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस द्यायचे, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. ‘तीन डोस’ हा आकडा लोकांनी कुठून पाठ केलाय कोण जाणे. सहाव्या, नवव्या, बाराव्या आठवड्यात तीन उरकले तरी चौथा राहिलाच. पुढे सहा महिन्यांनंतर किंवा वर्षाचं झाल्यावर आणखी एक, तो कधी ते डॉक्टरांना विचारा.

कार्डाबद्दल: प्रत्येक डोसापुढे लशीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. परवाच एक कार्ड समोर आलं. तिन्ही तारखा एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या, आणि पहिली तारीख जन्मानंतर अकराव्या दिवसाची! कार्ड बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आमचं पिल्लू अगदी छोट्या जातीचं आहे. अर्धाच डोस द्यावा का?

नाही, लशीचा डोस वजनावर ठरत नाही.

सात आजारांच्या लशीपेक्षा नऊ आजारांची चांगली ना? दुकानदार तेच म्हणतो.

तो म्हणणारच. वाढीव आकडा बहुतेक वेळा लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) जादा प्रकारांचा असतो, ते आपल्या भागात आढळतात का हे डॉक्टरांना विचारा. डिस्टेंपर, पार्वो (उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा जीवघेणा आजार), अ‍ॅडिनोव्हायरस आणि रेबीज यांत मात्र तडजोड नाही. आणि सोबत खपवलेलं ‘प्रतिकारशक्तीचं सिरप’ लशीची जागा घेत नाही.

पिल्लू १० आठवड्यांचं आहे. डोस पुरे होईपर्यंत बाहेर काढू नका असं सांगितलंय, म्हणून चार महिन्यांचं होईपर्यंत दाराबाहेर नेणार नाही. बरोबर ना?

अर्धं बरोबर, आणि उरलेल्या अर्ध्यापायीच माझ्याकडे बिघडलेले कुत्रे येतात.

भीती खरी आहे. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलेच्या तळव्याला चिकटून घरात येतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. म्हणून जिथे अनोळखी कुत्री येतात-जातात, तिथे लस पुरी होईपर्यंत पिल्लाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पण पाय न लागणं आणि जगच न दिसणं यांत फरक आहे. साधारण ३ ते १२-१४ आठवडे या काळात पिल्लाला जे निवांतपणे भेटतं, ते त्याच्या लेखी ‘नेहमीचं’ होतं. नंतर भेटतं ते संशयास्पद. तुमच्याकडे उरलेत दोन ते चार आठवडे.

अकरा महिन्यांचा एक कुत्रा आणला होता. टेबलाखाली कोपऱ्यात चिकटून बसलेला. कुणीतरी छत्री मिटली, तर जागच्या जागी मुतला. मालक विचारत होते, “आधी कुणी मारलं असेल का हो?” कुणी मारलं नव्हतं. चार महिने तो एका खोलीत, दोन माणसांत वाढला होता, इतकंच.

तेव्हा पिल्लाला कडेवर घ्या आणि निघा. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, सायकल, रडणारं मूल, सगळं लांबून दिसू द्या आणि तेवढ्यात तोंडात खाऊ द्या. घरी मिक्सर लावा, छत्री उघडा. पुरं लसीकरण झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा असेल तर त्याच्या घरी भेट घडवा. पिल्लांचे वर्गही, जागा स्वच्छ असेल आणि सगळ्यांची कार्डं तपासत असतील तर, पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन सात दिवस झाल्यावर चालतात. अमेरिकेतली पशुवर्तनाच्या पशुवैद्यांची संघटनाही हेच सांगते. तुमच्या भागात पार्वोची साथ असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

‘गर्दीत सोडा, आपोआप सवय होते’ हा सल्ला देणाऱ्याला पिल्लू देऊ नका. ओठांवरून जीभ फिरवणं, अवेळी जांभई, मान वळवणं, शेपूट पायांत, यातलं काही दिसलं की मागे या. खाऊ घेत नसेल तर तुम्ही फार जवळ गेलाय.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं. त्याच्या लशी सुरू आहेत, मग आपल्याला काही नको ना?

सुरू असलेल्या लशींत रेबीजची नसणार, ती साधारण १२ आठवड्यांनंतर देतात. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, वर काहीबाही लावू नका आणि आजच माणसांच्या डॉक्टरकडे जा. ‘पिल्लूच तर आहे’ हे वाक्य मला ऐकवू नका. पिल्लांनाही रेबीज होतो.

लस दिल्यावर दिवसभर झोपून आहे. आपली तापाची गोळी देऊ का?

गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात. एखाद-दोन दिवस मरगळ चालते. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या थांबेनात किंवा धाप लागली तर त्याच क्षणी दवाखाना.

एक डोस झालाय. कालपासून उलट्या आणि रक्ताचे जुलाब. सोमवारी दाखवलं तर चालेल का?

हे पत्र माझ्यापर्यंत चार दिवसांनी पोचलं. अशा पिल्लाचं अंगातलं पाणी काही तासांत संपतं. वेळेत सलाइन लागलं तर पुष्कळ पिल्लं वाचतात. लिहीत बसू नका, उचला आणि न्या. निघताना दवाखान्यात फोन करून पार्वोची शंका सांगा, म्हणजे लशीसाठी थांबलेल्या पिल्लांमधून ते तुम्हाला आत नेणार नाहीत.