इंग्लंडमध्ये स्टेडियमजवळच्या पबमध्ये नोकरी लागली आहे. मॅचच्या दिवशी राड्यापासून कसं जपायचं?

तुमचा प्रश्न असा: शिकायला इंग्लंडला आला आहात, फुटबॉल स्टेडियमजवळच्या पबमध्ये बारमागे शनिवारची नोकरी लागली आहे, सोबतचे म्हणतात "मॅच-डेला जपून", तर जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मारामारी सोडवायला जायचं नाही, हे पहिलं. मारामारीला लागणारं सामान कमी करणं एवढंच बारमागच्या माणसाचं काम. सामान म्हणजे फुटणारी काच, कोंडलेली गर्दी, आणि अजून एक पाइंट (बिअरचा मोठा ग्लास) मिळेल या आशेवर काउंटरला रेलून उभा असलेला तर्र माणूस. यातलं निम्मं काम पब उघडायच्या आधीचं असतं आणि ते कंटाळवाणं असतं. जिथे ते नीट होतं तिथले बाउन्सर दिवसभर बहुतेक हात मागे बांधून उभे असतात.

मॅच दुपारी तीनची असेल तर साडेअकरा-बारापासून लोक यायला लागतात. दीड ते अडीच काउंटरसमोर माणसांमागे माणसं, पावणेतीनला पब ओस, आणि पाचच्या सुमारास तोच लोंढा परत, या वेळी निकाल खांद्यावर घेऊन. हे सगळं पबमध्येच का साचतं त्याला १९८५ चा एक कायदा कारण आहे. त्या वर्षी मार्चमध्ये ल्युटनच्या मैदानावर मिलवॉलच्या समर्थकांनी दंगल केली. ११ मे रोजी बर्मिंगहॅम-लीड्स सामन्यात हाणामारी होऊन भिंत कोसळली आणि एक मुलगा गेला. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये ३९ माणसं मेली. त्यानंतर आलेल्या कायद्याने फुटबॉल सामन्याच्या दोन तास आधीपासून संपल्यावर तासाभरापर्यंत, मैदान दिसेल अशा जागी दारू जवळ बाळगायला बंदी घातली. समर्थकांना घेऊन जाणाऱ्या खास बसगाड्यांमध्येही बंदी. रग्बी आणि क्रिकेटवाले मात्र आजही खुर्चीत पाइंट घेऊन मॅच बघतात. माझ्या मते फुटबॉलवाल्यांचं पिणं या कायद्याने थांबवलं नाही, ते फक्त दोन-अडीच तासांत दाबून बसवलं. शेवटचा पाइंट पाच मिनिटांत ढोसून सगळे एकदमच निघतात आणि तिकडे फिरत्या फाटकांवर एकदमच पोचतात.

पण याच जागी एक चूक होते. गर्दीत काही वाईट झालं की "दारुडे होते" म्हणून मोकळं व्हायचं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीनंतर लिव्हरपूलच्या समर्थकांवर हाच ठपका ठेवला गेला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी तो फेटाळला होता, आणि २०१६ मध्ये ज्युरीनेही समर्थकांचं वागणं कारणीभूत नसल्याचं सांगितलं. ९७ बळी गेले ते मुख्यतः पोलिसांच्या नियोजनातल्या आणि गर्दी हाताळण्यातल्या चुकांमुळे. तेव्हा समोरच्या दोनशे माणसांकडे दोनशे गुंड म्हणून बघू नका. त्यातले एकशे नव्वद बाप-लेक, जुने मित्र आणि घसा बसलेले गाणारे असतात.

आता आकड्यांकडे येऊ. पाइंट म्हणजे ५६८ मिली. ४ टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये जवळपास २३ मिली शुद्ध अल्कोहोल, ब्रिटिश हिशेबाने (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) सुमारे २.३ युनिट. यकृत तासाला साधारण एक युनिट निस्तरतं. बारा ते अडीच या वेळात कोणी पाच पाइंट घेतले तर साडेअकरा युनिट आत गेले आणि फार तर अडीच-तीन उतरले. शेवटचे दोन पाइंट तर अजून रक्तात पुरते उतरलेलेही नसतात. म्हणून काउंटरवर बरा दिसणारा माणूस अर्ध्या तासाने रांगेत वेगळाच असतो. सव्वादोननंतर शॉट्स, डबल पेग आणि ट्रे भरून पाइंट देणं बंद करणारा मॅनेजर शहाणा समजा, त्याच्यावर वैतागू नका.

सकाळची तयारी. बाहेरच्या खुर्च्या, फळ्याच्या पाट्या, राखदाण्या, कुंड्या आत. पूल टेबलचे चेंडू आणि काठ्या कपाटात, कुलूप लावून (मोज्यात घातलेला चेंडू काय करतो याची कल्पना करा). टेबलावरच्या सॉसच्या काचेच्या बाटल्या आणि सुऱ्या-काट्यांचे डबेही उचलायचे. बाहेरचा कचऱ्याचा डबा रिकामा करायचा, कारण रिकाम्या बाटल्या तिथूनच हातात येतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर विटांचा ढीग कुठे आहे ते मॅनेजरला सांगा.

ग्लास हा स्वतंत्र विषय आहे. मॅचच्या दिवशी पॉलीकार्बोनेटचे (कडक प्लास्टिकचे) ग्लास वापरा अशी अट बऱ्याच पबच्या परवान्यातच असते. टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेचा पाइंट-ग्लास फुटला तर त्याचे बारीक चौकोनी तुकडे होतात. साध्या काचेची आणि बाटलीची मात्र लांब धारदार पाती निघते. पण धुण्याच्या मशीनमध्ये रोज घासला गेलेला टफन्ड ग्लास आतून कमजोर होतो आणि कधीकधी नुसता टेकवला तरी फुटतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. पॉलीच्या ग्लासवरही पाइंटच्या मापाची खूण हवी. त्यात ओरखडे पडले की बिअर नुसती फेसाळते, गिऱ्हाईक "वरून भर" म्हणून परत येतं आणि रांग अडते. ओले ग्लास एकात एक घालून ठेवू नका, ते अडकून बसतात. बाटलीतलं पेय ग्लासात ओतून द्यायचं आणि बाटली काउंटरच्या आतच ठेवायची. "मला बाटलीतच हवी" यावर वाद घालायचा नाही. मॅच-डेला नियम आहे, एवढंच बोलून पुढच्याकडे वळा.

गर्दी किती घ्यायची याला हिशेब आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या अग्निसुरक्षा मार्गदर्शिकेत, काउंटरपासून दोन मीटरच्या आतल्या जागेत माणशी ०.३ चौरस मीटर आणि बारच्या बाकी जागेत माणशी १ चौरस मीटर धरतात. काउंटरजवळची अशी जागा ५४ चौरस मीटर आणि बाकीची ६० असेल तर १८० आणि ६० मिळून २४० माणसं. पण बाहेर पडायची दारंही मोजावी लागतात आणि त्यातलं एक आगीमुळे बंद आहे असं धरावं लागतं. १,०५० मिमी रुंदीची दोन दारं असतील तर एक वजा केल्यावर उरलेल्या दारातून २२० माणसांची सोय धरली जाते. म्हणजे मर्यादा २४० नाही, २२०. परवान्यात त्याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. दारावर हातातल्या क्लिकरने मोजतात. आत जाणारे मोजले आणि बाहेर पडणारे मोजलेच नाहीत, ही नेहमीची चूक.

दारावरून आठवलं. कोणी आजारी पडलं म्हणून मॅनेजर म्हणाला, "तू दोन तास दारात उभा राहा, पाहुण्या संघाच्या लोकांना आत सोडू नकोस", तर नम्रपणे नकार द्या. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे दारात उभं राहून ठरवणं हे डोअर सुपरवायझरचं, म्हणजे बाउन्सरचं काम आहे. त्याला एसआयएचा (खासगी सुरक्षारक्षकांना परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना लागतो आणि परवान्याशिवाय ते करणं गुन्हा आहे. अडकाल तुम्हीही.

काउंटरवरही कायदा तुमच्या नावाने लागू होतो. माणूस झिंगलेला आहे हे कळत असताना त्याला दारू विकणं हा २००३ च्या परवाना कायद्यातल्या कलम १४१ चा गुन्हा आहे. दंड १,००० पौंडांपर्यंत होतो, आणि तो विकणाऱ्यालाही होऊ शकतो, फक्त मालकाला नाही. तोल जाणं, जीभ जड होणं, सुटे पैसे मोजता न येणं, एकच गोष्ट तीनदा सांगणं, या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. फसवतो तो कोकेन घेतलेला. तो झोकांड्या खात नाही, उलट ताठ असतो, भराभर बोलतो, डोळे विस्फारलेले, आणि दर वीस मिनिटांनी दोघे-तिघे मिळून टॉयलेटला. म्हणून टॉयलेटची फेरी पंधरा-वीस मिनिटांनी हवीच. काही पबवाले टाकीच्या झाकणावर आणि सपाट कडांवर तेलाचा फवारा मारून ठेवतात, पूड तिथे चिकटून वाया जाते. २०२२ पासून अमली पदार्थांच्या अशा गुन्ह्यांसाठीही फुटबॉल बॅनिंग ऑर्डर, म्हणजे सामन्यांना जायला कोर्टाची बंदी, लागू शकते. ती तीन ते दहा वर्षांची असते आणि परदेशातल्या सामन्यांच्या वेळी पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो, त्यामुळे पट्टीचे समर्थक तिला दंडापेक्षा जास्त घाबरतात.

नाही म्हणायची एक पद्धत आहे. त्याच्या टोळक्यासमोर नाही म्हणू नका. तिथे त्याला मान खाली घालता येत नाही आणि मग तो हात उचलतो. टोळक्यातला सगळ्यात शुद्धीतला माणूस शोधून त्याला सांगा, "तुझ्या मित्राला आता पाणी दे, त्याचं पुढचं मी भरणार नाही." थेट बोलायची वेळ आली तर मध्ये काउंटर ठेवा, तळवे दिसतील असे कमरेच्या उंचीवर, आवाज त्याच्यापेक्षा खाली. "सॉरी मेट, आय कान्ट सर्व्ह यू" एवढं पुरतं. कारणांची यादी दिली की प्रत्येक कारणावर भांडण. "काम डाउन" (शांत हो) हे शब्द तोंडातून काढू नका. हातातला अर्धा ग्लास हिसकावून घेऊ नका. मग बाउन्सरला खूण करा. झिंगलेला माणूस जायला तयार नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तोही गुन्हा आहे, आणि पबने मदत मागितली तर पोलिसांना त्याला बाहेर काढायला मदत करावीच लागते.

पाहुण्या संघाचा स्कार्फ घातलेलं चौघांचं कुटुंब चुकून तुमच्या "फक्त यजमान समर्थक" पबमध्ये आलं, तर दया येऊन त्यांना कोपऱ्यात बसवू नका. पाहुण्यांसाठीचा पब कुठे आहे ते सकाळीच विचारून ठेवा आणि प्रेमाने तिकडचा रस्ता दाखवा. एक गोल झाला की तो कोपरा सगळ्यांना दिसतो.

ज्यांना खरंच मारामारी हवी असते ते सहसा संघाचे रंग घालत नाहीत. इंग्लंडमध्ये अशा टोळीला "फर्म" म्हणतात. नीटनेटके जॅकेट, महागडे बूट. आधी एक-दोघे येतात, काही न घेता आत नजर फिरवतात, फोनवर बोलतात आणि निघून जातात. किंवा वीस-पंचवीस जण एकदम येतात, टीव्हीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून उभे राहतात, आणि इतक्या माणसांत पाइंट पाच-सहाच. असं दिसलं की त्याच क्षणी मॅनेजरला सांगा. त्याच्याकडे क्लबसोबत काम करणाऱ्या फुटबॉल पोलीस अधिकाऱ्याचा नंबर असतो किंवा असायला हवा. तुमचा अंदाज चुकला तरी कोणी रागावणार नाही.

बाहेरून जमाव आलाच तर दार लावायचं, पडदे ओढायचे, गिऱ्हाइकांना खिडक्यांपासून मागे न्यायचं. आणीबाणीच्या दाराला मात्र कुलूप घालायचं नाही, काही झालं तरी. ९९९ वर (तिथला आणीबाणीचा नंबर) या क्रमाने सांगा: पबचं नाव आणि रस्ता, साधारण किती माणसं, हातात काय आहे, कोणी जखमी आहे का, जमाव कुठल्या दिशेला चालला आहे. चित्रीकरण करायला खिडकीपाशी जाऊ नका, त्यासाठी कॅमेरे आहेत.

रात्रीची किंवा उशिराची मॅच असेल तर सगळंच लांबतं. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर इंग्लंड-इटली युरो फायनल रविवारी रात्री आठला होती. लोक सकाळपासून पीत जमले आणि जवळपास २,००० जण तिकिटाशिवाय आत घुसले. धोक्याच्या सामन्यांसाठी पोलीस दुपारी बारा-साडेबाराची वेळ मागतात ते याचसाठी. तुमच्या शिफ्टचं वेळापत्रक बघताना प्रतिस्पर्धी कोण यासोबत मॅच किती वाजता हेही बघा. स्थानिक कट्टर लढत साडेबाराला असेल तर तो दिवस कित्येकदा साध्या मॅचच्या रात्रीपेक्षा शांत जातो.

शेवटची शिट्टी वाजल्यावर टीव्हीवरचं विश्लेषण बंद, दिवे थोडे वाढवायचे, गाणी हळू आणि संथ. गोल झाला तेव्हा उडवलेली बिअर जमिनीवर असतेच, ती पुसा. पडलेल्या माणसाचं भांडण धक्का देणाऱ्याशीच सुरू होतं. काच लागून कोणी रक्तबंबाळ झालं तर जखमेवर कापड दाबून धरा, आत रुतलेला तुकडा असेल तर तो उपसू नका, त्याच्या बाजूंनी दाबा. डोक्याला मार लागलेला माणूस "झोपू दे" म्हणाला तर त्याला दारूची झोप समजू नका, रुग्णवाहिका बोलवा. गंभीर मारामारी झाली असेल तर पोलीस येईपर्यंत ती जागा झाडू नका. आणि बर्फाच्या पेटीजवळ काच फुटली तर बर्फात शोधत बसू नका. सगळा बर्फ टाकून द्या, पेटी गरम पाण्याने धुवा आणि नव्याने भरा. बर्फात काच दिसत नाही.

मग नोंदवही. "एक दारुडा भांडत होता" अशी नोंद पोलिसांच्या कामाची नाही आणि परवान्याची सुनावणी झाली तर पबच्याही नाही. अशी लिहा: "१६:५५. काउंटरची डावी बाजू. पुरुष, तिशीचा, राखाडी जॅकेट, डाव्या मनगटावर गोंदण. बोलणं जड. बिअर नाकारली, पाणी दिलं. १७:०२ ला सोबतच्या दोघांबरोबर पुढच्या दाराने बाहेर. कॅमेरा २." खाली सही करा, आणि ती त्याच दिवशी, घरी जायच्या आधी.