सामनानिश्चिती, फितुरी आणि हीथ स्ट्रीक

प्रश्न असा आहे. एका वाचकांनी आपल्या गावातील क्रिकेट मंडळाच्या स्मरणिकेसाठी झिंबाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याच्यावर लेख लिहिला आणि त्यात "२०२१ साली सामनानिश्चितीच्या प्रकरणात त्याच्यावर ८ वर्षांची बंदी आली" असे वाक्य घातले. ('सामनानिश्चिती' म्हणजे मॅच फिक्सिंग.) मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडून "फितुरीबद्दल बंदी आली" असे केले. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना 'फितुरी' फार जहाल वाटली, म्हणून त्यांनी 'गैरव्यवहार' सुचवला. या तिन्हींपैकी कोणता शब्द योग्य, आणि निवृत्त खेळाडूविषयी लिहिताना 'त्याने' लिहावे की 'त्यांनी', असे वाचकांनी विचारले आहे.

शब्दाची निवड करण्याआधी कृत्य नेमके काय होते ते पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १४ एप्रिल २०२१ रोजी स्ट्रीकवरील बंदी जाहीर केली. भ्रष्टाचारविरोधी संहितेच्या उल्लंघनाचे ५ आरोप त्याने मान्य केले होते आणि ते २०१७-१८ या काळातले, म्हणजे खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यानंतर तो प्रशिक्षक असतानाचे होते. त्याने संघाच्या आतली माहिती सट्टेबाजीशी संबंध असलेल्या माणसाला दिली, त्या माणसाला इतर खेळाडूंपर्यंत पोहोचण्यास मदत केली, मिळालेल्या भेटी कळवल्या नाहीत आणि चौकशीत अडथळा आणला. या भेटींमध्ये २ बिटकॉइन आणि एक आयफोन होता. मात्र या कृत्यांमुळे कोणत्याही सामन्याच्या निकालावर परिणाम झाला नाही, हे परिषदेनेच त्या वेळी स्पष्ट केले होते. स्ट्रीकनेही सामने ठरवण्याच्या कोणत्याही प्रयत्नात आपला सहभाग नव्हता असे सांगितले.

त्यामुळे पहिले वाक्य वस्तुस्थितीच्या दृष्टीनेच चुकीचे आहे. जे त्याच्यावर सिद्ध झाले नाही, किंबहुना ज्याचा आरोपही त्याच्यावर ठेवला गेला नाही, ते त्याच्या नावावर छापले जाईल. स्मरणिका ३०० लोकांनी वाचली तरी ती अनेक घरांत वर्षानुवर्षे जपून ठेवली जाते, म्हणून हे वाक्य बदलाच अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता या शब्दाविषयी. 'मॅच फिक्सिंग'साठी 'सामनानिश्चिती' हा प्रतिशब्द वर्तमानपत्रांतून रुळला असला, तरी मला तो कधीच पटलेला नाही. मराठीत 'निश्चिती' हा शब्द कचेरीतला आणि सरळमार्गी आहे. वेतननिश्चिती, दरनिश्चिती, कार्यक्रमनिश्चिती अशा जोडशब्दांत तो येतो आणि तिथे त्याचा अर्थ रीतसर ठरवणे, कायम करणे असा असतो. मूळ इंग्रजी शब्दाला 'ठरवणे' आणि 'लबाडीने आधीच जुळवून ठेवणे' असे दोन अर्थ आहेत. भाषांतर करताना पहिला अर्थ उचलला गेला आणि दुसरा मागे राहिला. परिणामी ज्याने हा शब्द पूर्वी ऐकलेला नाही अशा माणसाला 'सामनानिश्चिती समिती' म्हणजे सामन्यांच्या तारखा ठरवणारी समिती वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. शिवाय लबाडीने ठरवला जातो तो निकाल, सामना नव्हे. म्हणून प्रतिशब्द हवाच असेल तर 'निकालनिश्चिती' थोडा तरी बरा. बोलणारी माणसे या वाटेला जातच नाहीत. ती म्हणतात "मॅच फिक्स होती", "सेटिंग होतं", "मॅच विकली", "मॅच सोडली". कुस्तीच्या फडाने तर आपल्याला 'नुरा कुस्ती', म्हणजे आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती, असा नेमका शब्दप्रयोग कधीच देऊन ठेवला आहे, आणि राजकारणाच्या बातम्यांत तो आजही रोज भेटतो. माझे मत असे की जिथे खरोखर सामना ठरवला गेला असेल तिथे 'मॅच फिक्सिंग' हेच शब्द देवनागरीत लिहावेत. ते सर्वांना कळतात आणि त्यांतली लबाडी झाकली जात नाही.

स्ट्रीकच्या बाबतीत मुख्य कृत्य आहे ते माहिती देण्याचे, आणि इथे मराठी क्रियापदे किती बारीक फरक करतात ते पाहण्यासारखे आहे. 'माहिती फोडली' असे आपण सहज लिहू, कारण पेपर फुटतो, गुपित फुटते, बातमी फुटते. पण फुटलेली गोष्ट सगळीकडे पसरते. सकाळी पेपर फुटला की दुपारपर्यंत तो शंभर जणांच्या हातात असतो. स्ट्रीकने दिलेली माहिती एकाच माणसाला गुपचूप दिलेली होती आणि तिचे मोलच मुळी ती इतरांना ठाऊक नसण्यात होते. म्हणून तिथे 'फोडली' नव्हे, तर 'पुरवली' हे क्रियापद बसते. पुरवण्यात सातत्य आहे, घेणाऱ्याची गरज भागवणे आहे, आणि 'खबर पुरवणे' या जुन्या प्रयोगातला गुप्तपणाही आहे. त्याचप्रमाणे 'पैसे घेतले' आणि 'पैसे खाल्ले' यांतला फरकही लक्षात ठेवावा. पगार घेतात, मानधन घेतात. खातात ती लाच. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे नाव मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात जाहीर केले, तेव्हा आमच्या चाळीच्या ओट्यावर पहिले दोन दिवस "त्याने पैसे घेतले म्हणतात" असे चालले होते. त्याने कबुली दिल्याचे कळले त्या संध्याकाळी शेजारचे काका, जे त्याच्या क्षेत्ररक्षणाचे दाखले आम्हा मुलांना देत असत, एवढेच म्हणाले, "खाल्ले त्याने." बाकी वाक्य तेच होते, बदलले होते फक्त क्रियापद, आणि त्यांना किती लागले होते ते मला त्या एका शब्दातून कळले.

'फितुरी' या शब्दाकडे मी याच दृष्टीने पाहतो. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना हा शब्द सुचला यात नवल नाही, कारण मराठीतील क्रिकेटची भाषा बऱ्याच अंशी लष्करी छावणीतून आलेली आहे. सलामीचा फलंदाज असतो, आघाडीची फळी असते, गोलंदाजीचा मारा असतो, आणि बाद झालेला फलंदाज 'तंबूत परततो', मग मैदानावर तंबू असो वा नसो. 'बिनीचा फलंदाज' म्हणताना आपल्या लक्षातही येत नाही की बिनी म्हणजे फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. संघाच्या आतल्या हालचालींना आपण 'भारतीय गोटातील बातमी' म्हणतो, आणि गोट म्हणजे सैन्याचा तळ. ज्या भाषेत संघ हा गोट आहे, त्या भाषेत गोटातील बातमी बाहेर पुरवणाऱ्याला फितूर म्हणणे हे त्याच रूपकाचे पुढचे पाऊल आहे. संहितेत ज्याला आतली माहिती म्हटले आहे, म्हणजे खेळपट्टीचा अंदाज, संघातील खेळाडूंची स्थिती, डावपेच असे जे केवळ आपल्या जागेमुळे कळते आणि बाहेर जाहीर झालेले नसते, त्याला 'गोटातली बातमी' याहून चांगले मराठी मला तरी सुचत नाही.

शब्दाच्या घडणीविषयीही थोडे सांगायला हवे. 'फितूर'चे नाते अरबी 'फुतूर'शी आहे. तिथे त्याचा अर्थ शैथिल्य, मरगळ असा आहे. हिंदीत तोच शब्द डोक्यात शिरलेले वेड या अर्थाने वापरतात, तर मराठीने त्याला आपल्या पक्षाशी बेइमानी असा स्वतंत्र अर्थ दिला. मराठीत 'फितणे' आणि 'फितवणे' अशी दोन क्रियापदे आहेत, ही गोष्ट या प्रकरणाला फार उपयोगाची आहे. जो आमिषाला बळी पडून आपला पक्ष सोडतो तो फितला. ज्याने आमिष दाखवले त्याने त्याला फितवले. स्ट्रीक प्रथम फितला आणि नंतर त्याने त्याच माणसाची इतर खेळाडूंशी गाठ घालून दिली, म्हणजे फितवणाऱ्याला हात दिला. क्रिकेट परिषदेच्या आरोपपत्रात हे दोन वेगवेगळे आरोप आहेत, आणि मराठीत ते एका धातूच्या दोन रूपांनी सांगता येतात. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हणही इथे कोणाच्या तोंडी आली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही, कारण ज्यांच्यापर्यंत त्याने त्या माणसाला पोहोचवले ते खेळाडूच होते, त्याच्याच गोतातले.

तरीही स्मरणिकेच्या त्या वाक्यात 'फितुरी' लिहू नये असे माझे मत आहे. फितूर माणूस शत्रूला जाऊन मिळतो, आणि इथे माहिती प्रतिस्पर्धी संघाला दिलेली नव्हती. सट्टेबाजाला कोणता संघ जिंकतो याच्याशी कर्तव्य नसते. बंदीचे कारण सांगणाऱ्या वाक्याचे काम कृत्य सांगण्याचे आहे, आणि 'फितुरी' कृत्याबरोबर निकालही देऊन टाकते. लेखात पुढे जिथे चाहत्यांना काय वाटले हे आपण सांगणार असाल, तिथे हा शब्द अवश्य वापरावा, कारण ती भावना खरी आहे आणि तिला सौम्य शब्द देणे हे चाहत्यांवर अन्याय करणारे होईल. ज्या माणसाने ६५ कसोटींत २१६ बळी घेतले, जो १०० कसोटी बळी घेणारा झिंबाब्वेचा पहिला गोलंदाज ठरला, ज्याच्या नेतृत्वाखाली त्या छोट्या संघाने २००१ साली हरारेत भारताला कसोटीत हरवले, त्याच्याविषयी झिंबाब्वेतल्या बुलावायो शहरातील एखाद्या चाहत्याला 'गैरव्यवहार झाला' असे वाटले नसणार. गैरव्यवहार बँकेत होतो, सोसायटीच्या हिशेबात होतो. तो शब्द नियमभंग सांगतो, पण विश्वास मोडल्याचे काहीच सांगत नाही, आणि कृत्य कोणते होते हेही सांगत नाही. म्हणून बाईंची सूचना सद्‌भावनेची असली तरी मला ती तिन्हींत सर्वांत दुबळी वाटते.

जाता जाता अशाच एका शब्दाची नोंद करतो. श्रीलंकेचा माजी कर्णधार सनथ जयसूर्या याच्यावर २०१९ मध्ये २ वर्षांची बंदी आली, ती तपासाला सहकार्य न करणे आणि त्यात अडथळा आणणे या कारणांसाठी. पण बोलताना लोकांनी त्यालाही 'फिक्सिंगवाल्यां'च्या रांगेत बसवले. हे नेमके सांगायचे म्हणून कोणी 'असहकाराबद्दल बंदी' असे लिहिले, तर तेही टाळावे. १९२० च्या चळवळीमुळे 'असहकार' या शब्दाला मराठीत त्यागाचे आणि तत्त्वाचे वलय आहे. 'तपासात सहकार्य केले नाही' हे चार साधे शब्द लांब वाटले तरी तेच लिहावेत.

राहिला प्रश्न 'त्याने' की 'त्यांनी' याचा, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत नाजूक आहे. मराठीत खेळाडूला आपण एकेरीत बोलावतो, आणि ती एकेरी घरच्या मुलाला उद्देशून असावी तशी मायेची असते. "सचिन खेळला" म्हणताना कोणी त्याचा अनादर करत नाही. तोच खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक झाला, समितीवर गेला की लेखणी आपोआप 'त्यांनी'कडे वळते. आणि त्याच्यावर आरोप झाले की पुन्हा 'त्याने' सुरू होते. हा 'त्याने' दिसायला पूर्वीसारखाच असतो, पण त्यातील माया गेलेली असते आणि वाचणाऱ्याला ते बरोबर जाणवते. म्हणून मी स्वतः एक पथ्य पाळतो. आरोपाच्या परिच्छेदात आल्यावर सर्वनाम बदलायचे नाही. लेखाच्या पहिल्या ओळीत जे धरले तेच शेवटपर्यंत चालवायचे. या उत्तरात मी स्ट्रीकला आरंभापासून एकेरीत लिहिले आहे, कारण माझ्या मनात तो धावत येऊन चेंडू टाकणारा गोलंदाजच आहे. आपण लेखाची सुरुवात 'स्ट्रीक यांनी' अशी केली असेल, तर २०२१ चे वाक्यही 'यांच्यावर' असेच हवे.

तेव्हा आपल्या लेखातील वाक्य मी असे लिहीन : "संघाच्या गोटातील माहिती सट्टेबाजीशी संबंधित व्यक्तीला पुरवल्याबद्दल, त्या व्यक्तीची खेळाडूंशी गाठ घालून दिल्याबद्दल आणि चौकशीत अडथळा आणल्याबद्दल एप्रिल २०२१ मध्ये त्याच्यावर ८ वर्षांची बंदी आली, हे आरोप त्याने मान्य केले." बंदीची मुदत मार्च २०२९ मध्ये संपणार होती, आणि ३ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी कर्करोगाने त्याचे निधन झाले, ही दोन्ही वाक्ये त्याच्या लगेच पुढे यावीत, मध्ये 'मात्र' किंवा 'दुर्दैवाने' असे काही न घालता.