डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत!

प्रश्न : आमचे डॉक्टर पूर्वी सगळं नीट ऐकून घ्यायचे. नोंदी संगणकावर आल्यापासून मी बोलते आणि ते टाइप करत राहतात. त्यांचा वेळ वाचत असेल म्हणावं, तर तेही दमलेलेच दिसतात. असं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझ्याच एक पेशंट आठवल्या. साठीच्या बाई, थकवा येतो म्हणून आलेल्या. त्या बोलत होत्या, मी हं हं करत तंबाखू, मद्यपान, घरातले आजार असे रकाने भरत होतो. एक जरी रिकामा राहिला तरी पुढचं पान उघडत नाही. निघताना त्या दारात थांबल्या. "जिना चढताना जबडा दुखतो म्हटलं ना, ते दातांचंच असेल का?" मघाशी त्यांनी जबड्यावर हात ठेवून दाखवलंही होतं. माझी नजर तेव्हा स्क्रीनवर होती. ते दुखणं हृदयाचं निघालं. त्या दारात थांबल्या नसत्या तर, हा विचार आजही मला सोडत नाही.

तुमच्या डॉक्टरांना तुमच्यात रस नाही, असं कृपा करून समजू नका. २०१६ साली अमेरिकेतल्या ५७ डॉक्टरांच्या कामाची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसातला जेमतेम २७ टक्के वेळ पेशंटसाठी आणि ४९ टक्के संगणकावरच्या नोंदी व टेबलावरच्या कामासाठी जात होता. पेशंट समोर असतानासुद्धा ३७ टक्के वेळ त्यातच! कारण केसपेपर डॉक्टर स्वतःसाठी लिहायचा; आताची नोंद बिलासाठी, विम्यासाठी, उद्या कोर्टात विचारलं तर त्यासाठीही असते. लिहिणारा मात्र एकटाच. उरलेल्या नोंदी मी रात्री जेवण झाल्यावर घरी पुऱ्या करतो. तोवर कोण काय म्हणालं, त्यातलं निम्मं विरलेलं असतं.

तरी मला जुना केसपेपर परत नको. बेशुद्ध माणूस मध्यरात्री येतो आणि त्याला पेनिसिलिन चालत नाही हे समोर दिसतं, तेव्हा हीच नोंद जीव वाचवते. रकाने कमी करणं आणि टाइप करायला मदतनीस देणं हे रुग्णालयाने करायला हवं, आणि ते मी आमच्याकडे सतत मागतो आहे.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. पहिली तीन मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. तुम्हीही बसल्याबसल्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते आधी सांगा. डॉक्टर टाइप करत असतील तर सरळ विचारा, "तुमचं लिहून होईपर्यंत थांबू का?" आम्हाला राग येत नाही, उलट भानावर येतो. आणि शेवटी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगून औषधांची यादी वाचा. वर्षापूर्वी बंद केलेली गोळी अजून तिथेच आहे, हे मला पेशंटनीच दाखवून दिलंय, एकदा नव्हे, अनेकदा.