गाय, कावळा आणि तालुक्याचं गाव

गणपती जवळ आले की या पानाकडं येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो, एरवी रेशनकार्ड आणि पोरांच्या ॲडमिशनबद्दल विचारणारी मंडळी अचानक क्विझमास्टर होतात. या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, रागावू नका.

आमच्या मंडळात गणपतीत प्रश्नमंजुषा असते. राजधान्या, चलनं, पहिले राष्ट्रपती असले प्रश्न पुस्तकातून काढतो. दोन-तीन पोरं सगळं पाठ करून येतात, दरवर्षी तीच जिंकतात आणि बाकीचे मोबाईल बघत बसतात. काय करावं?
*मंडळाचा कार्यकर्ता, खानापूर*

होय की ओ, हे सगळीकडंच चाललंय. अमक्या देशाची राजधानी कुठली, या प्रश्नात डोकं चालवायला जागाच नसते, येत असेल तर येतं, नाहीतर नाही, विषय संपला. मग ज्याला येत नाही त्यानं मोबाईल काढला तर त्याची काय चूक? माझं म्हणणं एवढंच की प्रश्न असा पाहिजे की उत्तर पाठ नसलं तरी चार डोकी एकत्र बसली की ते काढता आलं पाहिजे, आणि उत्तर कळल्यावर हरलेल्यांनी पण कपाळावर हात मारून 'अरे, माहीत होतं की!' म्हटलं पाहिजे.

तुमच्याच तालुक्याचं घ्या. 'मलप्रभेचा उगम कुठं होतो?' असं विचारलं की कुणीतरी कणकुंबी म्हणणार, टाळ्या, पुढचा प्रश्न. आता तेच असं विचारून बघा: 'खानापूर तालुक्यात जन्मलेल्या दोघी. एकीला पूर्वेकडं दिली, ती कृष्णेच्या घरात गेली आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराला पोचली. दुसरी घाट उतरून गोव्यात गेली आणि सासरी तिचं नावच बदललं. दोघी कोण?' आता टीममध्ये काय होतं बघा. पहिल्यांदा सगळे कुठल्यातरी राण्या नाहीतर नट्या शोधत बसतात, मग कोणतरी म्हणतं कृष्णा म्हणजे नदी रे, दुसरा म्हणतो गोव्यात नदी म्हणजे मांडवी, आणि पेपर वाचणारे एखादे काका मागून ओरडतात म्हादई! मलप्रभा आणि म्हादई. उत्तर कुणाच्याच एकट्याच्या खिशात नव्हतं, तिघांनी मिळून जुळवलं, आणि ज्यानं आयुष्यात कधी क्विझ खेळलं नाही तो पण त्यात होता.

म्हणून प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा, याच्यात किती वाटा ठेवल्यात? एकच वाट असेल तर अजून एक धागा घाला. आणि सुरुवातीचे दोन प्रश्न मुद्दाम सोपे ठेवा, लोकांना आधी आवाज फुटू दे.

आमची भिशी आहे, या महिन्यात माझ्या घरी. थीम क्विझ ठेवायचं म्हणते पण थीम म्हटलं की सिनेमा नाहीतर स्वयंपाक, यापलीकडं काही सुचत नाही. मैत्रिणींपैकी कुणाला क्रिकेट आवडतं, कुणाला देवधर्म, कुणाला जुनी गाणी. सगळ्यांना जमेल असं काही सांगा.
*एक वाचक, बेळगाव*

सिनेमा ही थीम नव्हे, तो विषय झाला. थीम म्हणजे एक छोटी वस्तू घ्यायची आणि तिला धरून सगळ्या विषयांच्या अंगणात फिरून यायचं. कमळ घ्या. पहिला प्रश्न गावातला: बेळगावच्या किल्ल्यातल्या, १२०४ साली बांधलेल्या जैन मंदिराच्या छतात दगडात काय कोरलंय, ज्यावरून त्याचं नाव पडलं? कमल बस्ती, किल्ल्यात गेलेल्या सगळ्यांनी मान वर करून बघितलेलं असतं. दुसरा दिल्लीचा: लोटस टेंपल कुठल्या धर्माच्या लोकांचं प्रार्थनास्थळ आहे? बहाई. इथं निम्म्या अडतात, अडू द्या. तिसरा स्वयंपाकघरातला: कमळकाकडी म्हणजे कमळाचं मूळ की खोड? सगळ्या मूळ म्हणून ओरडणार, पण ते चिखलातून आडवं वाढणारं खोड असतं. चौथा खास उपासवाल्यांसाठी: मखाणे कमळाच्या बियांचे होतात, बरोबर की चूक? चूक. तळ्यातलीच पण वेगळी, काटेरी पानांची वनस्पती असते ती. दुकानदारसुद्धा कमळाच्या बिया म्हणूनच विकतात, त्यामुळं इथं भांडण नक्की, तुम्ही शांत राहा. आणि शेवटचा शब्दांचा: कमळाला असा एक शब्द सांगा जो उलटा वाचला तरी तोच राहतो. जलज.

बघा, इतिहास झाला, धर्म झाला, वनस्पतिशास्त्र झालं, मराठी झालं आणि कुणाला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं नाही. थीम आधी सांगूच नका. तिसऱ्या प्रश्नानंतर विचारा की या सगळ्यांत काय सारखं आहे, जी आधी ओळखेल तिला जादा मार्क.

गाणीवाल्या मैत्रिणी रुसायला नकोत म्हणून अजून एक राउंड देतो, एका सालाचा. १९२४. डिसेंबरमध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकदाच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकळीमठ नावाचं बाळ जन्मलं, पुढं सगळं जग त्याला कुमार गंधर्व म्हणायला लागलं. राज कपूर त्याच सालचे, मोहम्मद रफी पण त्याच सालचे, आणि रफींचा वाढदिवस तर २४ डिसेंबर, म्हणजे इकडं अधिवेशनाची गडबड चालू होती तेव्हाचाच. पहिलं हिवाळी ऑलिंपिक पण १९२४ चंच, फ्रान्समध्ये शामोनी इथं. एकेक प्रश्न टाकत जा आणि शेवटी साल विचारा. एकीला गांधीजींवरून येईल, दुसरीला रफींवरून.

मला शब्दकोड्यांचा नाद आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला शाब्दिक कोड्यांचा राउंड घ्यायचाय, पण नेटवर मिळतं ते सगळं इंग्लिशमध्ये नाहीतर घासून गुळगुळीत झालेलं. नवीन कोडी कशी बनवायची?
*विद्यार्थी, चिकोडी*

अरे, तुझ्या गावाच्या नावातच कोडी आहेत आणि तू मला विचारतोयस? 'बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्या गावात कोडी लपलीत?' हा तुझा पहिला प्रश्न झाला बघ.

सोपी पद्धत सांगतो. बसच्या पाट्या वाचायच्या आणि नावं मधून तोडायची. गोकाक तोडलं की गो आणि काक, म्हणजे प्रश्न तयार: 'संस्कृतमधली एक गाय आणि एक कावळा शेजारी बसले की कुठला तालुका होतो?' खानापूर म्हणजे आधी जेवण, मग नदीला आलेलं पाणी. रायबाग म्हणजे राजाचा बगीचा. निपाणी तर आयतीच आहे, 'नावावरून वाटतं इथं पाण्याचा थेंब नसेल, पण हे गाव तंबाखूसाठी प्रसिद्ध'. आणि माझं लाडकं: 'चारचाकीच्या मागं आठवड्यातला एक दिवस लावा, समुद्रावर पोचाल.' कार अधिक वार, कारवार.

यात एक पथ्य पाळ. कोड्याचे दोन भाग पाहिजेत, एक तुकड्यांचा आणि एक अख्ख्या शब्दाचा. नुसतं 'गाय आणि कावळा' म्हटलं तर माणूस पंचतंत्रात फिरत बसेल, 'तालुका' हा शब्द टाकला की त्याला दिशा मिळते. तुकडे गमतीसाठी आणि दुसरा भाग उत्तर पटावं म्हणून. दुसरा भाग नसला की उत्तर ऐकून लोक हसत नाहीत, वैतागतात.

उलटसुलट सारख्या शब्दांचं पण घेता येईल, पण 'रामाला भाला मारा' आता पहिलीतल्या पोराला पण येतं, ते नको. त्यापेक्षा ओडिशातलं एक शहर विचार, कटक. मात्र लिहिण्याची पद्धत तपासून घे हं. मलयालम हा शब्द हिंदीत लिहिला तर उलटा पण तोच येतो, मराठीत आपण मल्याळम लिहितो, तिथं गणित मोडतं, आणि तुझ्या कॉलेजचे मराठीचे सर समोरच बसलेले असणार.

माझ्या वर्गात मराठी घरातली आणि कन्नड घरातली मुलं एकत्र आहेत. क्विझ कुठल्याही एका भाषेत घेतलं की निम्मा वर्ग गप्प. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला की मजा जाते. काय उपाय?
*शिक्षिका, निपाणी*

बाई, दोन भाषा ही तुमची अडचण नाही, लॉटरी आहे. टीम मिसळून टाका आणि असे प्रश्न काढा ज्यात एकाला दुसऱ्याची गरज लागेल. 'ताई' म्हटलं की मराठी पोरगं मोठ्या बहिणीकडं बघतं, कन्नड पोरगं आईकडं. 'हाल' म्हटलं की मराठीत दशा, कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध. आता प्रश्न: 'मराठीत जे होतात आणि कन्नडमध्ये जे पितात, ते काय?' एकट्या मराठी पोराला जमणार नाही, एकट्या कन्नड पोराला पण नाही. शेजारी बसवलेत ना, मग बोलतील.

उलटसुलट शब्दांत तर कन्नड आपल्यापेक्षा भारी. तेनालीरामाला 'विकटकवि' म्हणतात ते बघा उलटं वाचून, कन्नडमध्ये शेवटचा वि ऱ्हस्व असतो त्यामुळं चोख बसतं, आपण दीर्घ लिहून घोटाळा करतो. आणि 'कुबेरनिगेनिरबेकु' हे अख्खं वाक्य, कुबेराला काय पाहिजे असणार असा अर्थ, दोन्हीकडून एकच. फळ्यावर लिहा आणि गप्प बसा, वर्ग आपोआप ओरडायला लागेल.

आणि बक्षीस म्हणून पेन, कंपास नको. दूरदर्शनच्या कन्नड चंदन वाहिनीवर डॉ. ना. सोमेश्वर 'थट्ट अंत हेळि' नावाचं क्विझ घेतात ना, २००२ पासून चालू आहे, तिथं बरोबर उत्तराला पुस्तकं देतात. मुलांना ते माहीत असतं, तेच करा, दोन्ही भाषांतली पुस्तकं ठेवा.

गूगल करून उत्तर देणाऱ्यांचा बंदोबस्त कसा करायचा?
*वाचक, बैलहोंगल*

मोबाईल गोळा करायला जाऊ नका, अर्धा तास त्यातच जातो आणि कुणाचा तरी फोन हरवला म्हणून बोंब होते. 'गाय अधिक कावळा' गूगलला विचारू देत की, गोरक्षणाच्या बातम्या वाचत बसतील. वर वेळ २० सेकंद.

दरवर्षी उत्तरावरून वाद होतात, एकदा तर प्रकरण हातघाईवर आलं होतं. शिवाय टाय झाला की काय करायचं तेही सांगा.
*क्रीडामंडळाचे सदस्य, हुक्केरी*

वाद बहुतेक वेळा उत्तरात नसतो, प्रश्नात असतो. 'कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा कुठला?' असं मोघम विचारलं की अर्धे बेळगाव म्हणणार आणि अर्धे बेंगळूर, आणि दोघंही बरोबर. क्षेत्रफळानं बेळगाव, लोकसंख्येनं बेंगळूर शहर. 'क्षेत्रफळानं' हा एक शब्द लिहायचा कंटाळा केला की हातघाई. जिथं 'पहिला', 'मोठा', 'सध्याचा' असे शब्द येतात तिथं थांबून दोनदा वाचा, आणि 'सध्या' असेल तर महिना आणि साल घाला. सगळे प्रश्न आदल्या दिवशी एका खट माणसाला वाचायला द्या, प्रत्येक गावात असा एक असतो, तुमच्याकडं तर दोन असतील. त्याला स्पर्धेत घेऊ नका, परीक्षक करा, म्हणजे भांडायला तोच तुमच्या बाजूनं.

सीमाप्रश्नावर मात्र प्रश्न ठेवू नका, त्याचा निकाल तुम्ही स्टेजवरून लावायचा नाही.

टायसाठी आकड्याचा प्रश्न ठेवा, ज्याचं नेमकं उत्तर कुणालाच पाठ नसतं पण अंदाज सगळ्यांना असतो. गोकाकचा धबधबा किती फुटांवरून पडतो? साधारण १७०. जो जवळ तो जिंकला. फक्त दोन्ही टीमकडून चिठ्ठ्या एकदमच घ्या, नाहीतर दुसरा पहिल्याचा आकडा ऐकतो आणि त्यात एक फूट वाढवून लिहून देतो.