‘बोहेमियन रॅप्सडी’बद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या लेखात ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्याचा मी एका ओळीत उल्लेख केला आणि पुढे निघून गेलो. वाचकांना ते मानवलं नाही. आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो. गाण्याचा अर्थ विचारणारे सर्वांत जास्त होते, पण मला स्वतःला ते गाणं जोडलं कसं गेलं यात अधिक रस आहे. उत्तरांची लांबी त्या हिशेबाने कमीजास्त झाली आहे.

मी साउंड इंजिनिअरिंग शिकतो. या गाण्यात १८० ओव्हरडब असल्याचं सगळीकडे वाचतो. तेव्हा टेपवर ट्रॅक तर चोवीसच असायचे. मग ही दंतकथा समजायची का? (कोल्हापूर)

बाकी वाचकांसाठी: ट्रॅक म्हणजे टेपवरची एकेक स्वतंत्र पट्टी, आणि ओव्हरडब म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणावर चढवलेला नवा आवाज. आकडा नेमका १८० होता का, यावर मी पैज लावणार नाही. पद्धत मात्र खरी आहे आणि तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची.

१९७५च्या ऑगस्टअखेरीस वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. पुढे लंडनमधले आणखी काही स्टुडिओ वापरले गेले. निर्माता होता रॉय थॉमस बेकर, आणि त्याने डेक्का या रेकॉर्ड कंपनीत उमेदवारी करताना ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाचं काम जवळून पाहिलं होतं. बँडचा गायक आणि या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी याने त्याला घरी पियानोवर सुरुवातीचा भाग ऐकवला, मध्येच थांबला आणि आता इथे ऑपेरा येणार असं सांगितलं. हा किस्सा बेकर आयुष्यभर सांगत राहिला.

आधी पियानो, बास आणि ड्रम्सचा पाया टेपवर आला. ऑपेराच्या भागासाठी जागा मोकळी सोडली होती, पण फ्रेडी रोज नवी भर घालायचा, गाण्यात पुन्हापुन्हा येणारे ‘गॅलिलिओ’ वाढत जायचे आणि ती जागा लांबत जायची. गाणारे तिघेच. ड्रमर रॉजर टेलर वरच्या पट्टीत, फ्रेडी मधल्या, गिटारवादक ब्रायन मे खालच्या. बासवादक जॉन डीकन या रेकॉर्डवर गायलेला नाही. तिघांनी एक सूर गायचा, तोच पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर गायचा, मग तिसऱ्यावर. असे काही ट्रॅक भरले की ते एकत्र करून एका मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मूळचे पुसून तिथे पुढचा सूर भरायचा. यालाच बाउन्सिंग म्हणतात. चोवीस ट्रॅकमध्ये वाटेल तितके आवाज मावतात ते असे.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढते आणि वरच्या कंप्रतेचा तजेला कमी होतो. दुसरं म्हणजे मागे फिरता येत नाही. पुसलेला सूर चुकीचा होता हे चार दिवसांनी कळलं, तर सगळी थप्पी पुन्हा रचायची. तुमच्या लॅपटॉपवर ‘अनडू’ आहे. त्यांना प्रत्येक टप्प्यावर आवाजांचं प्रमाण तिथल्या तिथे ठरवून मोकळं व्हावं लागत होतं. मला वाटतं, या गाण्यातल्या ठामपणाचा निम्मा भाग या सक्तीतून आला आहे. टेप यंत्राच्या हेडवरून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लोहाचा थर झडला आणि उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं, असं ब्रायन मे सांगतो. ऑपेराचा भाग साधारण एका मिनिटाचा. त्याला सुमारे तीन आठवडे लागले.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. ऑपेरा सुरू होण्याच्या खूप आधी, पाठीच्या कण्यातून शिरशिरी गेल्याची ओळ येते. तिच्या मागे घंटेसारखा नाजूक आवाज आहे. तो गिटारचाच आहे. मे तारा नेहमीच्या जागी छेडत नाही, तर ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) पलीकडे उरलेल्या आखूड तुकड्यांवर छेडतो. ती गिटारही त्याने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं. हेडफोन लावून ऐका.

सिनेमात रेकॉर्ड कंपनीचा साहेब ‘सहा मिनिटांचं गाणं कोणी लावणार नाही’ म्हणून नकार देतो. तसं खरंच घडलं का? (नाशिक)

२०१८च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ सिनेमातला तो साहेब काल्पनिक आहे. लांबीवरून विरोध झाला तो मात्र खरा. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, आणि रेडिओला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं हवं असायचं. त्यांची रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या लोकांना धास्ती होती, व्यवस्थापक जॉन रीडही साशंक होता. आपल्याकडच्या जुन्या संग्राहकांना हे नवं वाटणार नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून लांब चित्रपटगीत दोन बाजूंना विभागून निघायचं. १९७५ पर्यंत तबकडीची ती अडचण राहिली नव्हती. रेडिओवाल्यांची सवय तेवढी उरली होती.

ती मोडली केनी एव्हरेट या निवेदकाने. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा हा अवलिया फ्रेडीचा मित्र. प्रसिद्धीआधीची टेप त्याला मिळाली ती लावायची नाही या अटीवर, आणि ती अट तो पाळणार नाही हे देणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. आधी त्याने तुकडे लावून श्रोत्यांना झुरवलं, मग शनिवार-रविवारात मिळून पूर्ण गाणं १४ वेळा लावलं. सोमवारी लोक दुकानांत चौकशी करू लागले आणि रेकॉर्ड अजून आलेलीच नव्हती. ३१ ऑक्टोबरला सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, बाजारात आली, नोव्हेंबरअखेर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि नऊ आठवडे तिथून हलली नाही. तिला खाली उतरवलं ते ‘आबा’ (ABBA) या स्वीडिश बँडच्या ‘मम्मा मिया’ने. हेच शब्द ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या ऑपेरातही आहेत! योगायोगच, पण याहून चांगला सुचला नसता.

त्या काल्पनिक साहेबाच्या भूमिकेत विनोदी अभिनेता माइक मायर्स आहे हेही लक्षात ठेवा, त्याची गंमत पुढच्या एका उत्तरात आहे.

जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ हाच ना? (सोलापूर)

नाही. गाण्यांसाठी अशा फिती त्याआधीही बनत होत्या. या व्हिडिओने काय केलं, तर अशी फीत रेकॉर्ड विकू शकते हे कंपन्यांना आकड्यांत दाखवून दिलं. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गोअर्सने काही तासांत तो चित्रित केला, खर्च काही हजार पौंड. बँड दौऱ्यावर निघणार होता, त्यामुळे टीव्हीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात हजर राहण्याऐवजी फीत पाठवणं सोयीचं होतं. शिवाय या गाण्यावर नुसते ओठ हलवायचे म्हटले तरी चौघांचं हसं झालं असतं. चेहऱ्यांच्या पुनरावृत्तीचे परिणाम कॅमेऱ्यासमोर भिंग लावून आणि व्हिडिओचा फीडबॅक वापरून चित्रीकरणातच मिळवले आहेत.

फ्रेडी आमच्या पाचगणीत शिकला. मग या गाण्याचं मूळ पाचगणीतच शोधायला नको का? (वाई)

तुमचा अभिमान रास्त आहे, पण शोध हवा तितकाच ताणू या.

फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. त्याचा जन्म १९४६ साली झांझिबारचा. कुटुंब पारशी, आडनाव बलसाड म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात आला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथे पडलं, पियानोचं शिक्षण तिथे झालं आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. त्यात तो मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवायचा. ‘बोहेमियन रॅप्सडी’त पियानोही तोच वाजवतो आणि सगळं गाणं त्या पियानोवर उभं आहे. एवढा धागा मी मानतो.

गाण्यातला ‘बिस्मिल्ला’ हा शब्द ऐकून काही जण लगेच मुंबई-पाचगणीला येऊन पोचतात. झांझिबारमध्ये जन्मलेल्या मुलाच्या कानावर तो शब्द भारतात येण्याआधीच पडलेला असणार. गाण्यातली बाकी नावंही अशीच: स्कारामूश इटालियन नाटकातला, फिगारो ऑपेरातला, गॅलिलिओ बहुधा खगोलशास्त्र शिकणाऱ्या मेसाठी टाकलेला. फ्रेडीने ऐकायला झणझणीत वाटणारे शब्द जमेल तिथून उचलले आहेत. १९६४च्या क्रांतीच्या सुमारास कुटुंब झांझिबार सोडून लंडनच्या फेल्टममध्ये आलं, तो ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. या गाण्यातली चिकटचित्राची (कोलाजची) हौस मला तरी शाळेपेक्षा त्या महाविद्यालयाची वाटते.

शेवटी गाण्याचा अर्थ काय? (पुणे, ठाणे, नागपूर, न्यू जर्सी…)

फ्रेडीने सांगितला नाही, बाकीच्या तिघांनीही त्याच्या पश्चात तोंड उघडलं नाही. २००४ साली इराणमध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे निघाली, तेव्हा सोबतच्या पत्रकात या गाण्याचा अर्थ छापला होता: हातून खून झालेला तरुण सैतानाला आत्मा विकतो आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेऊन तो परत मिळवतो. मला हा अर्थ आवडतो, त्यात ‘बिस्मिल्ला’ निदान वाया जात नाही. खरा आहे असं मात्र म्हणणार नाही.

२०२३ साली सदबीजच्या लिलावात फ्रेडीच्या हस्ताक्षरातला मसुदा १३ लाख ७९ हजार पौंडांना गेला. एका विमान कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या कागदांवर तो लिहिलेला आहे. वर ‘मंगोलियन रॅप्सडी’ लिहून पहिला शब्द खोडलाय. अर्थाच्या शोधात निघालेल्यांनी तो कागद जरूर पाहावा.

गाणं एकट्या फ्रेडीचं. मग पैसेही त्यालाच मिळाले असतील? (औरंगाबाद)

इथेच तर भांडणाला तोंड फुटलं. सिंगलच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ आहे. मोटारीवर जीव जडलेल्या माणसाचं गाणं, क्वीनच्या चाहत्यांतही चेष्टेचा विषय. पण रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजू विकल्या जातात, आणि गीतलेखनाची रॉयल्टी दोन्हींना सारखीच. ब्रिटनमध्येच काही महिन्यांत दहा लाखांवर प्रती खपल्या. मोटारीच्या गाण्याने टेलरला ‘बोहेमियन रॅप्सडी’एवढेच पैसे दिले. बँडमध्ये यावरून बराच काळ धुसफूस होती. पुढे १९८०च्या दशकात चौघांनी सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर लावायला सुरुवात केली. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत शहाणा व्यावसायिक निर्णय.

माझ्या मुलीच्या पिढीलाही हे पाठ आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं टिकलं कसं? (डोंबिवली)

ते सलग टिकलं नाही, दर काही वर्षांनी परत आलं. २४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी एड्सने गेला, त्यानंतर सिंगल पुन्हा निघाली आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिली राहिली. त्या विक्रीचे पैसे एड्सबाधितांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. तेच ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या नाताळांत पहिल्या क्रमांकावर असण्याचा मान ब्रिटनमध्ये सर्वांत आधी याच गाण्याला मिळाला.

अमेरिकेत १९७६ साली ते नवव्या क्रमांकावर थांबलं होतं. १९९२मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ हा विनोदी सिनेमा आला. त्यात मोटारीत बसलेली पोरं या गाण्यावर माना झटकतात, आणि गाणं दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्या मोटारीतला नायक माइक मायर्स. म्हणूनच २०१८च्या सिनेमात साहेब झालेल्या मायर्सच्या तोंडी, पोरं मोटारीत मोठ्याने लावून माना हलवतील असं हे गाणं नव्हे, अशा अर्थाचं वाक्य घातलंय. तुमच्या मुलीची पिढी बहुधा या सिनेमाच्या वाटेने आली.

आमचा बँड हॉटेलांत आणि लग्नांत वाजवतो. हे गाणं मागतात सगळे, पण ऑपेराचा भाग चौघांत जमत नाही. काय करायचं? (मडगाव)

क्वीनलाही जमत नव्हता. सुरुवातीला ते गाण्याचे तुकडे मेडलीत, म्हणजे इतर गाण्यांना जोडून, वाजवायचे. पुढे ऑपेराच्या वेळी टेप लावून चौघे मंचावरून सरळ निघून जायचे आणि रॉक भागाला उजेडाच्या झोतात परत यायचे. १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या जलशात तर सुरुवातीच्या संथ भागापाशीच (बॅलडपाशी) थांबून पुढच्या गाण्यात शिरले. त्यामुळे लाजू नका. लग्नात टेप लावणार असाल तर ड्रमरच्या कानात क्लिक (ताल मोजणारी टिकटिक) द्या, कारण ऑपेरातून रॉकमध्ये उडी घेताना ताल तिनाच्या चालीवर झुलायला लागतो आणि तिथे सगळे घसरतात. गायकाला मूळची पट्टी झेपत नसेल तर सगळं गाणं एक स्वर खाली घ्या. तेव्हा टेपही त्याच पट्टीत उतरवून घ्यायला विसरू नका.